प्रांताचे सरकार कसे वाचायचे: सुरुवात सभागृहापासून

प्रांतिक सरकारची ओळख करून देणारा तक्ता बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सर्वांत वर राज्यपाल, त्याखाली मुख्यमंत्री, मग मंत्री, सचिव, आणि बाजूला एका चौकटीत विधानसभा. राजशिष्टाचारासाठी हा क्रम ठीक आहे. पण तो पाठ करून कोणी राजकारणाची बातमी वाचायला घेतली, तर पहिल्याच परिच्छेदात अडखळतो. राज्यपाल सर्वांत वर आहेत, तर निर्णय मुख्यमंत्री कसे घेतात? मुख्यमंत्र्यांच्या हाती एवढी सत्ता आहे, तर चार आमदार बाजूला झाल्यावर सरकार का डळमळते?

संसदीय पद्धतीत सरकारचा जीव सभागृहात असतो. सभागृहातले बहुमत ज्याच्या पाठीशी, तो सरकार चालवतो. ते गेले की त्याला जावे लागते. बाकीची सारी रचना या एका गोष्टीभोवती उभी आहे. म्हणून इथे मी पायऱ्यांचा क्रम तक्त्यापेक्षा वेगळा ठेवला आहे. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नवा वार्ताहर, एखाद्या प्रश्नावर पाठपुरावा करणारा कार्यकर्ता, किंवा दुसऱ्या देशातल्या प्रांतात नुकताच राहायला गेलेला माणूस, यांपैकी कोणीही याच क्रमाने गेला तर कुठल्याही प्रांताचे सरकार त्याला वाचता येईल.

‘प्रांत’ हा शब्द मी सैलपणे वापरणार आहे. भारतातली आणि ऑस्ट्रेलियातली राज्ये, तसेच कॅनडा, पाकिस्तान, नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका इथले प्रांत, सगळे त्यात आले.

पायरी १ : प्रांताच्या हातात काय आहे ते पाहा

सरकारची रचना पाहण्याआधी त्याचे अधिकार पाहा. नाहीतर जो प्रश्न मुळात केंद्राचा आहे त्यासाठी तुम्ही मुख्यमंत्र्यांना जाब विचाराल, किंवा उलट.

कॅनडात ही वाटणी १८६७ च्या राज्यघटना कायद्यात आहे. त्याच्या कलम ९१ मध्ये केंद्राचे विषय आहेत, ९२ मध्ये प्रांतांचे. रुग्णालये, नगरपालिका, मालमत्ता व नागरी हक्क हे प्रांतांकडे. शिक्षणासाठी ९३ हे वेगळे कलम आहे. भारतात सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन हे राज्य सूचीत. शिक्षण पूर्वी राज्यांकडे होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले, म्हणजे त्यावर दोघेही कायदे करू शकतात आणि दोन कायद्यांत विरोध आला तर सामान्यतः केंद्राचा टिकतो. पाकिस्तानने याच्या उलट पाऊल टाकले. तिथे २०१० च्या १८ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीच रद्द झाली.

कुठल्याच यादीत नसलेला विषय कोणाचा, हेही पाहून ठेवा. कॅनडा आणि भारतात असे शेष अधिकार केंद्राकडे आहेत, ऑस्ट्रेलियात राज्यांकडे.

यादी वाचून मात्र थांबू नका. विषय प्रांताचा असला तरी पैसा केंद्राचा असेल, तर पैशाबरोबर अटीही येतात. कॅनडात आरोग्यसेवा प्रांत चालवतात, पण १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टने केंद्राच्या निधीला पाच निकष जोडले आहेत. ते पाळले नाहीत तर निधी कापला जाऊ शकतो. भारतात केंद्रपुरस्कृत योजनांचेही असेच असते: राबवणारे खाते राज्याचे आणि नियमावली दिल्लीची. एखाद्या योजनेबद्दल तक्रार असेल तर पैसा कोणाचा आणि नियम कोणाचे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

पायरी २ : सभागृह मोजा

आता एक आकडा शोधा. सभागृहात एकूण जागा किती? त्यातून बहुमताचा आकडा काढा आणि तो समोर ठेवूनच पुढच्या बातम्या वाचा. ओंटारियोच्या विधानसभेत १२४ जागा आहेत, म्हणजे ६३. महाराष्ट्रात २८८, म्हणजे १४५. नेपाळच्या कर्णाली प्रांतात ४०, म्हणजे २१. सभागृह जितके लहान, तितके एकेका सदस्याचे वजन जास्त. कर्णालीत दोघे फिरले की सरकार हलू शकते.

सदस्य निवडून कसे येतात, यावर पुढचे बरेच काही ठरते. भारत आणि कॅनडात एका मतदारसंघातून सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार जातो. त्यामुळे चाळीस टक्के मते घेतलेल्या पक्षाला कधीकधी मोठे बहुमत मिळते. नेपाळच्या प्रांतसभांत ६० टक्के जागा अशा पद्धतीने आणि ४० टक्के पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भरतात. दक्षिण आफ्रिकेत सारेच प्रमाणशीर यादीतून येतात. प्रमाणशीर पद्धत असली की आघाडी सरकारची शक्यता वाढते, आणि तिथे पक्षांमधला करार निकालाइतकाच महत्त्वाचा होतो.

दुसरे सभागृह आहे का, तेही तपासा. कॅनडात आता एकाही प्रांतात ते नाही. शेवटचे क्युबेकचे होते, १९६८ मध्ये रद्द झाले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने ते १९२२ मध्येच काढून टाकले, बाकीच्या राज्यांत आहे. भारतात सहा राज्यांत विधान परिषद आहे: महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. परिषद साधे विधेयक काही काळ रोखू शकते, धन विधेयक जास्तीत जास्त १४ दिवस. सरकार पाडण्याचा अधिकार तिला नाही, कारण मंत्रिमंडळ फक्त विधानसभेला जबाबदार असते. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांची वरिष्ठ सभागृहे याहून बरीच बलवान आहेत. त्यामुळे ‘वरचे सभागृह नावापुरते असते’ असे सरसकट समजू नका.

आता पक्षांतराचा नियम. भारतात दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे १९८५ पासून, पक्षादेश मोडणारा आमदार अपात्र ठरू शकतो, आणि तो निर्णय विधानसभा अध्यक्ष देतात. कॅनडाच्या सभागृहांत सदस्य समोरच्या बाकावर जाऊन बसला तरी त्याची जागा सहसा शाबूत राहते. म्हणून कॅनडातला असंतुष्ट आमदार आणि भारतातला असंतुष्ट आमदार यांच्यापुढचे पर्याय एकसारखे नसतात. बंडाची बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवला तर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

पायरी ३ : सरकार बनताना पाहा

रचना समजून घ्यायला याहून चांगली वेळ नाही. एकाच पक्षाला स्पष्ट बहुमत असते तेव्हा सगळे इतके सुरळीत होते की नियम दिसतच नाहीत. त्रिशंकू सभागृहात ते दिसतात. म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू.

मे २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या प्रांतात निवडणूक झाली. ८७ जागांपैकी सत्ताधारी लिबरल पक्षाला ४३, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ४१ आणि ग्रीन पक्षाला ३ मिळाल्या. बहुमताचा आकडा ४४. सर्वांत मोठा पक्ष लिबरल, आणि क्रिस्टी क्लार्क आधीपासून प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होत्या. निवडणूक झाली म्हणून त्यांचे पद आपोआप गेले नाही. सभागृहापुढे जाऊन विश्वास आजमावण्याचा हक्क त्यांना होता आणि तो त्यांनी वापरला. दरम्यान न्यू डेमोक्रॅट आणि ग्रीन यांनी पाठिंब्याचा लेखी करार केला. ग्रीन सदस्य मंत्री होणार नव्हते. विश्वासदर्शक आणि अर्थसंकल्पाच्या मतदानात साथ देणार होते. २९ जून २०१७ रोजी सरकार ४४ विरुद्ध ४२ मतांनी हरले.

इथून पुढचा भाग नवशिक्याने दोनदा वाचावा. क्लार्क लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांताच्या घटनात्मक प्रमुख, जूडिथ गिशॉन यांच्याकडे गेल्या आणि सभागृह विसर्जित करून पुन्हा निवडणूक घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. एरवी मुख्यमंत्र्याचा सल्ला मानला जातो. पण हा सल्ला देणाऱ्या सरकारवर सभागृहाचा विश्वास उरलेला नव्हता, निवडणूक नुकतीच झालेली होती, आणि पर्यायी सरकार समोर तयार होते. गिशॉन यांनी विसर्जन नाकारले आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते जॉन हॉर्गन यांना सरकार बनवायला बोलावले. १८ जुलैला त्यांचा शपथविधी झाला.

एका घटनेत चार गोष्टी दिसतात. सर्वांत मोठा पक्ष म्हणजे सरकार, असे समीकरण नाही. आघाडी म्हणजे मंत्रिपदांची वाटणीच, असेही नाही. बाहेरून पाठिंबा पुरतो. सरकार पडले म्हणजे निवडणूक लागलीच, हेही खरे नाही. आणि एरवी सहीपुरते वाटणारे घटनात्मक प्रमुखाचे पद अशा काही तासांपुरते खरोखर निर्णायक होते. पाचवी गोष्टही आहे, ती सहज नजरेतून सुटते. सभागृहाचे अध्यक्ष सहसा मत देत नाहीत. समसमान झाले तरच देतात. हॉर्गन यांच्या बाजूचे ४४ जण होते, त्यांतला एक अध्यक्ष झाला असता तर ४३ विरुद्ध ४३ अशी कोंडी झाली असती. पुढे लिबरल पक्षाचेच डॅरिल प्लेकस अध्यक्ष व्हायला तयार झाले, सरकारला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि प्लेकस यांना त्यांच्या पक्षाने काढून टाकले.

सगळीकडे प्रमुखाने बोलावण्यापासूनच सुरुवात होते असे नाही. पाकिस्तानात प्रांतिक विधानसभा मुख्यमंत्र्याची निवड मतदानाने करते. दक्षिण आफ्रिकेतही प्रांताचे विधिमंडळ आपल्या सदस्यांतून प्रीमियर निवडते. या पद्धतीत राज्यपालाच्या मर्जीला वावच उरत नाही, आणि माझ्या मते हा तिचा मोठा गुण आहे.

भारतात राज्यपाल आधी मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात आणि बहुमत नंतर सभागृहात सिद्ध होते. ते सभागृहातच सिद्ध व्हायला हवे, राजभवनात आमदारांची डोकी मोजून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यात पक्के केले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये याच सूत्रावर न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितली, आणि चाचणीआधीच देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. २०२२ च्या सत्तांतरावरचा ११ मे २०२३ चा निकालही या संदर्भात वाचण्यासारखा आहे. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणे समर्थनीय नव्हते, असे न्यायालय म्हणाले. पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले होते, म्हणून त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही, असेही म्हणाले. सभागृहात प्रत्यक्ष मतदान होण्याला एवढे मोल आहे.

मंत्री होण्यासाठी आधी आमदार असावे लागते का? भारतात सहा महिन्यांची मुभा आहे. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. मे २०२० मध्ये, मुदत संपायच्या थोडेच दिवस आधी, ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

पायरी ४ : घटनात्मक प्रमुख कोणाचा माणूस?

या पदाचे नाव राज्यपाल, गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर किंवा नेपाळमध्ये प्रदेश प्रमुख असते. नाव बाजूला ठेवा आणि पाहा की नेमणूक कोण करतो. भारतात राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. कॅनडात गव्हर्नर जनरल, तेही पंतप्रधानांच्या सल्ल्याने. ऑस्ट्रेलियात मात्र १९८६ च्या ऑस्ट्रेलिया अ‍ॅक्टपासून राज्याचा प्रीमियर थेट राजाला किंवा राणीला सल्ला देतो आणि केंद्राचा त्यात संबंध येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतांत असे पदच नाही.

हा फरक कागदी नाही. नेमणूक केंद्राची असेल आणि प्रांतात विरोधी पक्षाचे सरकार असेल, तर ओढाताण होते. मंजूर विधेयके राज्यपालांकडे दीर्घकाळ पडून राहिल्याच्या तक्रारी घेऊन तामिळनाडू, केरळ, पंजाब अशी राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, ती याच जागेवरून. राज्यपाल विधेयकाला संमती देऊ शकतात, रोखू शकतात, परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. कॅनडातही अशी राखून ठेवण्याची तरतूद कागदावर आहे. ती शेवटची १९६१ मध्ये सस्कॅचेवानात वापरली गेली. केंद्राने प्रांताचा कायदा थेट रद्द करण्याचा अधिकारही कायम आहे, पण १९४३ नंतर तो कोणी वापरलेला नाही. घटनेत लिहिलेले अधिकार आणि प्रत्यक्षात वापरले जाणारे अधिकार यांत किती अंतर आहे, हे प्रांताच्या इतिहासातूनच कळते.

पायरी ५ : मंत्रिमंडळ

मंत्र्यांच्या नावांची यादी पाठ करू नका, ती बदलते. त्याऐवजी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, संख्येची मर्यादा. भारतात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर रोखली. लहान राज्यांत किमान १२ चालतात. २८८ च्या सभागृहात म्हणजे ४३. नेपाळमध्ये ही मर्यादा २० टक्के आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रीमियर आणि त्याबरोबर पाच ते दहा जण, एवढेच. अनेक कॅनेडियन प्रांतांत अशी घटनात्मक मर्यादा नाही.

दुसरी, सामूहिक जबाबदारी. मंत्रिमंडळाच्या बैठकीत कितीही वाद होवोत, निर्णय झाला की तो सगळ्यांचा. जाहीरपणे विरोध करायचा असेल तर मंत्र्याने राजीनामा द्यावा, ही अपेक्षा असते. आघाडी सरकारांत ती सारखी ताणली जाते. म्हणून घटक पक्षाचा मंत्री जाहीरपणे वेगळे बोलला की ती किरकोळ बातमी समजू नये.

तिसरी, कामकाजाचे नियम. कोणता विषय मंत्र्याच्या पातळीवर संपतो, कोणता मुख्यमंत्र्यांकडे जातो आणि कोणता पूर्ण मंत्रिमंडळापुढे येतो, हे लेखी ठरलेले असते. भारतात त्याला शासन कार्यनियमावली म्हणतात. फारसे कोणी ती वाचत नाही, पण पाठपुरावा करणाऱ्याला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. फाइल कुठे अडली असेल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

उपमुख्यमंत्री हे पद भारताच्या राज्यघटनेत नाही. त्या व्यक्तीचे वजन तिच्याकडच्या खात्यांवर आणि पक्षाच्या आमदारसंख्येवर ठरते.

पायरी ६ : खाते आणि अधिकारी

मंत्री येतात-जातात, खाते राहते. खात्याचा प्रशासकीय प्रमुख भारतात सचिव असतो. कॅनडात त्याच पदाला डेप्युटी मिनिस्टर म्हणतात, आणि तो निवडून आलेला नसतो. भारतातला उपमंत्री मात्र राजकीय माणूस असतो. दोन देशांच्या बातम्या वाचताना एवढे लक्षात असू द्या.

मंत्री धोरण ठरवतो आणि सभागृहात उत्तर देतो. सचिव सल्ला देतो, निर्णय अमलात आणतो आणि खर्चाचा हिशेब सांभाळतो. भारतात वरिष्ठ अधिकाऱ्यांची भरती राष्ट्रीय पातळीवर होते आणि त्यांच्यावर काही अधिकार केंद्राचे राहतात. कॅनडाच्या प्रांतांची नोकरशाही पूर्णपणे त्यांची स्वतःची असते.

खात्याच्या बाहेरही सरकार पसरलेले असते: महामंडळे, मंडळे, प्राधिकरणे, सरकारी कंपन्या. क्युबेकमध्ये वीज हायड्रो-क्युबेक पुरवते, ती प्रांताच्या मालकीची आहे. महाराष्ट्रात घरोघरी वीज पोचवणारी महावितरण ही सरकारी कंपनीच. यांच्याबद्दल सभागृहात प्रश्न आला की ‘हा कंपनीच्या रोजच्या कारभाराचा भाग आहे’ असे उत्तर मिळू शकते. तेव्हा कंपनीचे संचालक कोण नेमतो आणि तोटा कोण भरून देतो, हे शोधा. जबाबदारी तिथे सापडते.

पायरी ७ : पैसा

एखादे सरकार खरोखर काय करणार आहे, हे जाणून घ्यायचे असेल तर भाषणापेक्षा अर्थसंकल्पाची कागदपत्रे पाहा. कोणत्याही मार्गदर्शकाने या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगावे, असे मला मनापासून वाटते.

मूळ नियम साधा आहे: सभागृहाने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. भारतात क्रम असा असतो. आधी वार्षिक वित्तीय विवरण, म्हणजे अर्थसंकल्प, सादर होतो. त्यावर सर्वसाधारण चर्चा होते. मग एकेका खात्याच्या अनुदानाच्या मागण्या मतदानाला येतात. त्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक, आणि ते संमत झाल्यावरच पैसा खर्चायला मोकळा होतो. वर्ष संपत आले आणि पूर्ण अर्थसंकल्पाला वेळ नसेल, उदाहरणार्थ निवडणूक तोंडावर असेल, तर काही महिन्यांपुरते लेखानुदान घेतात. वर्षाच्या मध्ये पैसे कमी पडले की पुरवणी मागण्या येतात. त्या नीट पाहा. मार्चमध्ये जाहीर केलेले प्राधान्य डिसेंबरपर्यंत कुठे सरकले, ते त्यांतून कळते.

खर्चाचा प्रस्ताव सरकारच मांडू शकते. विरोधी सदस्याला ‘या रस्त्यासाठी इतके कोटी द्या’ असे विधेयक आणता येत नाही. कॅनडातही नियम असाच आहे. मागणीत कपात सुचवता येते. त्यामुळे कपात सूचना दिली म्हणजे विरोधकांना त्या खात्याचे पैसे कमी करायचे आहेत, असा अर्थ बहुधा नसतो. त्या खात्याच्या कारभारावर चर्चा घडवायची असते. पण अशी सूचना खरोखर मंजूर झाली, किंवा अर्थसंकल्पच फेटाळला गेला, तर तो सरकारवरचा अविश्वास समजतात. पैशाचे मतदान आणि विश्वासाचे मतदान इथे एक होतात.

खर्च झाल्यावर तपासणी येते. भारतात राज्यांचेही लेखापरीक्षण देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. कॅनडाच्या प्रांतांत स्वतंत्र प्रांतिक महालेखापरीक्षक असतात. अहवालाची छाननी लोकलेखा समिती करते. तिचे अध्यक्षपद प्रथेने बहुतेक ठिकाणी विरोधी सदस्याकडे असते. या अहवालांची भाषा रुक्ष असते, तरी तुमच्या आवडीच्या खात्याचे एकच प्रकरण काढून वाचा. मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि न खर्चता परत गेलेला निधी, हे तीन आकडे शेजारी ठेवले की त्या खात्याचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते.

पायरी ८ : कायदा, नियम, आदेश

विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा होते, काही वेळा ते समितीकडे जाते, कलमवार विचार होतो, मतदान होते, संमती मिळते. हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे की रोजच्या जगण्यावर परिणाम करणारा बराच मजकूर कायद्यात नसतोच. तो कायद्याखालच्या नियमांत, अधिसूचनांत आणि शासन निर्णयांत असतो. कायद्यात ‘विहित केल्याप्रमाणे शुल्क’ एवढेच असते. शुल्क किती, ते नियमात. म्हणून कायदा संमत झाला की तो कोणत्या तारखेपासून लागू झाला आणि त्याचे नियम निघाले का, हे विचारा. नियम न निघाल्यामुळे कायद्याची महत्त्वाची कलमे वर्षानुवर्षे निजून राहू शकतात.

सदस्यांची रोजची हत्यारे म्हणजे तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), स्थगन प्रस्ताव (ठरलेले कामकाज थांबवून चर्चा मागणारा). लेखी उत्तरांत मंत्र्यांना आकडे द्यावे लागतात, आणि ती उत्तरे सहसा सर्वांसाठी खुली असतात.

पायरी ९ : महापालिका आणि गावे कोणाच्या हाताखाली?

स्थानिक संस्था स्वतः निवडून आलेल्या असल्या तरी त्यांचे अधिकार प्रांत ठरवतो. याचे ठळक उदाहरण टोरांटोचे. २०१८ मध्ये महापालिकेची निवडणूक सुरू झालेली असताना ओंटारियो सरकारने कायदा करून प्रभागांची संख्या ४७ वरून २५ केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताचा अधिकार मान्य झाला. भारतात १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांना घटनेत स्थान दिले आहे, ठरावीक मुदतीत निवडणुकीचे बंधनही घातले आहे. तरी प्रत्यक्ष कामे आणि पैसा किती सोपवायचा, हे राज्याच्या कायद्यावर राहते. पाणी, कचरा किंवा इमारत परवानगीचा प्रश्न महापालिकेत सुटत नसेल, तर त्याची गाठ नगरविकास खात्यात असू शकते.

पायरी १० : सरकार जाते तेव्हा

सरकार जाण्याचे नेहमीचे मार्ग तीन: निवडणुकीत हार, सभागृहात अविश्वास, किंवा पक्षाने नेता बदलणे. तिसऱ्यात मुख्यमंत्री बदलतो, मंत्रिमंडळ नव्याने शपथ घेते, निवडणूक लागत नाही. नवा मुख्यमंत्री लोकांनी थेट निवडलेला नाही, म्हणून तो बेकायदा आहे, असा आक्षेप अशा वेळी ऐकू येतो. संसदीय पद्धतीत लोक आमदार निवडतात आणि मुख्यमंत्री सभागृहाच्या विश्वासावर राहतो; तो विश्वास टिकला असेल तर आक्षेपाला आधार नाही.

अपवादाचे मार्गही आहेत. १३ मे १९३२ रोजी न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर फिलिप गेम यांनी प्रीमियर जॅक लँग यांना थेट बडतर्फ केले. लँग यांच्याकडे तेव्हा कनिष्ठ सभागृहात बहुमत होते. भारतात कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लावून राज्याचा कारभार केंद्राकडे घेता येतो. एकेकाळी हे कलम सढळ हाताने वापरले गेले. बोम्मई निकालाने ते न्यायालयीन तपासणीखाली आणल्यावर वापर बराच कमी झाला.

जुने सरकार गेल्यापासून नवे येईपर्यंत काळजीवाहू सरकार असते. ते पगार देते, आपत्ती आली तर धावते, पण मोठी धोरणे ठरवणे किंवा महत्त्वाच्या नेमणुका करणे त्याने टाळावे, असा संकेत आहे.

पायरी ११ : एक निर्णय हातात घ्या

आता सराव. तुम्हाला खरोखर ज्याची फिकीर आहे असा एक विषय निवडा: शाळेचे शुल्क, भूजल उपसा, रुग्णालयातली रिक्त पदे, काहीही. एका कागदावर लिहा: विषय कोणत्या यादीत आहे, मूळ कायदा कोणता, नियम कधी निघाले, खाते कोणते, मंत्री कोण, सचिव कोण, यंदाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी किती तरतूद आहे, गेल्या वर्षी किती खर्च झाला, सभागृहात त्यावर शेवटचा प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर काय मिळाले. काही जागा रिकाम्या राहतील. कोणत्या राहतात ते पाहा. नियम निघालेलेच नाहीत किंवा तरतूदच नाही, हे कळणेही मोठे काम आहे.

मग तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराकडे जा आणि मोघम तक्रारीऐवजी त्या रिकाम्या जागेवरचा नेमका प्रश्न द्या, लेखी. आमदार सत्ताधारी असेल तर तो मंत्र्यांकडे थेट विषय नेऊ शकतो. विरोधी असेल तर तारांकित प्रश्न लावू शकतो. अधिवेशन कधी आहे ते आधी पाहून ठेवा, कारण प्रश्नांची सूचना कामकाजाच्या दिवसाच्या बरीच आधी द्यावी लागते.